दोन बोटांमधले अंतर

शस्त्रक्रियेनंतरच्या संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा तो अर्धवट गुंगीत होता. मांडीच्या बाहेरच्या अंगाला लांबलचक रेल फिक्सेटर, म्हणजे हाड बाहेरून धरून ठेवणारी धातूची दांडी, बसवलेला होता, त्याच्या जाड पिना कातडीतून थेट हाडापर्यंत गेलेल्या होत्या आणि प्रत्येक पिनेच्या बुडाशी गुंडाळलेल्या गॉजवर फिकट लाल डाग सावकाश पसरत होता. डोळे पुरते न उघडताच त्याने विचारले, "डॉक्टर, किती काढलंत?" मी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून दूर नेऊन त्याला दाखवले आणि म्हणालो, "एवढं." त्याने मान हलवली आणि तो पुन्हा झोपला. जिना उतरताना माझ्या लक्षात आले की माझी बोटे अजून तशीच ताणलेली आहेत. खोलीत येऊन मी ती टेबलावरच्या स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली, तर अंतर ४ सेंटीमीटरांहून जेमतेम अधिक भरले. काढलेले हाड मी सकाळी स्वतः मोजले होते. ते ७ सेंटीमीटर होते.

खोटे बोलायचे मी ठरवले नव्हते. बोटे आपली आपण थांबली होती.

कागदोपत्री सगळे खरे होते, हे मी स्वतःला दोनतीनदा बजावून पाहिले. ऑपरेशन नोटमध्ये ७ हा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला होता आणि त्याच्या पत्नीलाही तो सांगितला होता. तरीही त्या दोन बोटांमधले हरवलेले अंतर रात्रभर मनातून जाईना, कारण ते पहिल्यांदाच हरवले नव्हते.

तो माझ्याकडे प्रथम आला तेव्हा अपघाताला १४ महिने झाले होते. मोडून ९ महिने झाले आणि लागोपाठ ३ महिन्यांच्या एक्स-रेमध्ये जुळण्याकडे काहीही प्रगती दिसली नाही, तर ते हाड न जुळलेले समजावे, अशी आमच्या पुस्तकांतली व्याख्या आहे. त्या हिशेबाने तो व्याख्येच्याही बराच पुढे निघून आलेला होता. अपघातात हाडाचे टोक कातडी फाडून बाहेर आले होते, त्यानंतर मज्जेच्या पोकळीत नेल, म्हणजे हाडाला आतून आधार देणारी धातूची लांब सळई, घातली गेली, काही आठवडे बरे गेले आणि मग ताप सुरू झाला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे एक छिद्र पडले होते. ते मिटले की आठदहा दिवस सगळे कोरडे राही, मग मांडी सुजे, रात्रभर ठणका लागे, अंग तापे आणि एखाद्या पहाटे छिद्र फुटून पू वाहू लागला की एकदम आराम पडे. त्याच्या पत्नीने मला सांगितले होते की जखम वाहायला लागली की त्या रात्री घरात सगळ्यांना झोप लागते. हे वाक्य मी आजवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही, पण हाडाच्या जुनाट जंतुसंसर्गाचे इतके नेमके वर्णनही वाचलेले नाही. तो स्वतः लेथवर काम करणारा होता. तपासताना मी मांडी हलवली, तेव्हा वेदनेने तोंड वाकडे करीत त्याने मला त्याच्या भाषेत निदान सांगितले, "आत प्ले आहे, डॉक्टर. सळई सैल झाली आहे." एक्स-रेमध्ये नेलच्या भोवती काळी किनार दिसत होतीच.

पहिली शस्त्रक्रिया मी केली ती या प्रसंगाच्या ५ महिने आधी. नेल ओढून काढली तेव्हा तिच्या पृष्ठभागावर बुळबुळीत, पारदर्शक थर होता आणि दिव्याखाली तो ओल्या गोगलगाईच्या वाटेसारखा चमकत होता. पोकळी खरवडली, ती कित्येक लिटर सलाईनने धुतली, छातीत घालतात त्या नळीचा साचा करून अँटिबायोटिक मिसळलेल्या, हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात त्या सिमेंटची कांडी बनवली आणि ती आत बसवली. इथपर्यंत सारे रीतसर झाले. मोडलेल्या टोकांशी आल्यावर मात्र मी थबकलो. काही हाड उघडच मेलेले होते, ते निघाले. त्याला लागून दोनतीन सेंटीमीटर असे होते की ज्याच्याविषयी खात्रीने काही बोलता येत नव्हते. ते पिवळटही नव्हते आणि गुलाबीही नव्हते. छिन्नी मारली की एखादा थेंब येई आणि पुढच्या दोन घावांना काहीच येत नसे. जगेल, रक्त धरेल, औषधांचा जोर आहेच, असा युक्तिवाद मी मनाशी केला. सहायकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने केला. अकराव्या आठवड्यात तेच छिद्र पुन्हा वाहू लागले.

मला ती पोकळी पाहायची नव्हती, एवढेच खरे कारण होते.

मेलेले हाड आत का ठेवता येत नाही, हे रुग्णाला समजावताना मी नेहमी औषधाच्या वाटेपासून सुरुवात करतो. औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून शिरेतून कितीही महागडे औषध दिले तरी ते दारापर्यंत जाऊन परत येते. धातूची गोष्ट याहून अवघड आहे. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये तिला पृष्ठभागासाठीच्या शर्यतीची उपमा दिली. नेल किंवा प्लेट आत गेली की शरीराच्या पेशी आणि जंतू एकाच वेळी तिच्याकडे धावतात, आणि आधी पोचेल त्याची मालकी. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती चिकट पापुद्रा विणतात, आत मंद गतीने जगत राहतात आणि मोकळ्या जंतूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषधालाही दाद देत नाहीत. या दुखण्यात बहुतेक वेळा सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर त्याहून चिवट आहे. हाडातल्या अतिसूक्ष्म नळ्या त्याच्या स्वतःच्या शरीराहून अरुंद असतात, पण तो आकार बदलून त्यांतही शिरतो, असे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे. म्हणून पू थांबला, शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले सीआरपी खाली आले, रुग्णाला भूक लागू लागली, या गोष्टींवर मी आता पूर्वीइतका हुरळत नाही. छिद्रातल्या पुवावर कापूस फिरवून केलेल्या तपासणीवरही माझा विश्वास नाही. कातडीवरचे वाटसरू जंतू त्यात सापडतात आणि खरा घरमालक आत बसून राहतो. म्हणून शक्य असल्यास दोन आठवडे औषधे थांबवून, शस्त्रक्रियेत खोलवरचे किमान ५ नमुने वेगवेगळ्या स्वच्छ उपकरणांनी घ्यावे लागतात आणि हळू वाढणाऱ्या जंतूंसाठी प्रयोगशाळेला १४ दिवसांपर्यंत थांबावे लागते. औषधांच्या बाबतीत निदान एक ओझे उतरले आहे. सहा आठवडे शिरेतूनच दिले पाहिजे हा आमचा जुना हट्ट होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिवा चाचणीत १,०५४ रुग्णांवर असे आढळले की हाडासांध्यांच्या जंतुसंसर्गात योग्य निवडलेल्या गोळ्याही शिरेतल्या औषधाच्या तोडीने काम करतात. पण गोळी असो वा सलाईन, मेलेल्या हाडापुढे दोघांचीही गत एकच.

अशा वेळी मला अमेरिकेतले हाडांचे शल्यविशारद विल्यम बेअर यांची आठवण होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, त्यांच्यापुढे दोन सैनिक आणले गेले. दोघांच्याही मांडीचे हाड जखमेतून उघडे पडले होते, पोटालाही जखमा होत्या आणि दोघे सात दिवस अन्नपाण्याविना रणभूमीवर पडून राहिले होते. अशा जखमी माणसाला तेव्हा मृत्यू जवळपास ठरलेलाच असे. या दोघांना मात्र तापही नव्हता. कपडे काढले तेव्हा जखमांत हजारो अळ्या वळवळत होत्या. बेअर यांना आधी किळस आली. अळ्या धुऊन काढल्यावर त्यांना खाली स्वच्छ, गुलाबी, जिवंत ऊतींनी भरलेली जखम दिसली. पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांनी हाडाच्या जुनाट जंतुसंसर्गावर निर्जंतुक अळ्यांचा उपचार केला आणि १९३१ मध्ये तो अनुभव प्रसिद्ध झाला. मला या हकिकतीत हेवा वाटतो तो अळीचा. ती मेलेले तेवढे खाते. पुढे किती पोकळी उरेल, ती भरायला किती महिने लागतील, रुग्णाची नोकरी टिकेल का, यातले काहीच तिच्या तोंडाच्या आड येत नाही. माझ्या छिन्नीच्या मात्र हे सगळे आड येते.

दुसऱ्या वेळी मी थिएटरमध्ये जाण्यापूर्वी ठरवून गेलो की हे हाड म्हणजे गाठ आहे असे समजायचे आणि कर्करोगाची गाठ काढतात तसे ते निरोगी कडेपर्यंत काढायचे. मांडीत आणखी एक अडचण असते, जी एका अर्थाने सोयही आहे. इतक्या वर रक्त थांबवणारा पट्टा सहसा बांधता येत नाही, त्यामुळे रक्त पुष्कळ जाते, पण हाड जिवंत आहे की नाही हे तिथल्या तिथे दिसते. मेलेल्या हाडाचा रंग जुन्या हस्तिदंतासारखा असतो, त्यावरचे आवरण बोटानेही सुटून येते आणि छिन्नीचा आवाज कोरडा, ठणठणीत येतो. जिवंत हाडावर तोच घाव दबका वाजतो. आम्ही करवत टाळतो किंवा चालवलीच तर सतत थंड सलाईन सोडत चालवतो, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापले तरी त्याला इजा होते आणि मेलेले काढता काढता नवे मेलेले तयार होते. पातळ पातळ चकत्या निघत गेल्या. चौथ्या सेंटीमीटरशी थोडा ओलावा आला. पाचव्याशी एक थेंब आला, तो पुसला आणि पुन्हा आला नाही. हाच तो आधीचा मुक्काम होता, इथेच मी मागच्या वेळी थांबलो होतो. सहायकाने माझ्याकडे पाहिले. मी हातोडी पुन्हा उचलली. सातव्या सेंटीमीटरशी कापलेल्या कडेवर, पुसल्या पुसल्या, लाल ठिपक्यांची बारीक फवारणी उमटली. तिला आमच्याकडे पॅप्रिका साइन म्हणतात, म्हणजे कोणीतरी चिमटीने लाल भुकटी भुरभुरावी तसे ठिपके. मी ते ठिपके दोनदा पुसले आणि दोन्ही वेळा ते परत आले. इतका आनंद रक्त पाहून दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत असेल असे वाटत नाही.

मग मांडीच्या मधोमध पोकळी उरली.

ती आधी सिमेंटने भरली. व्हॅन्कोमायसिन आणि जेंटामायसिनची भुकटी सिमेंटमध्ये कालवताना डोळ्यांत पाणी आणणारा उग्र रासायनिक वास सगळ्या थिएटरभर पसरतो, आणि घट्ट होताना तो गोळा हाताला चटके बसतील इतका तापतो. म्हणून उष्णतेत टिकणारीच औषधे त्यात चालतात. १९७० मध्ये जर्मनीत बुखहोल्झ यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले, तेव्हापासून हे चालत आले आहे. सिमेंटचा दुसरा गुण पुढे फ्रान्सच्या अलेन मास्क्ले यांच्या ध्यानात आला. सहाआठ आठवड्यांत त्याच्याभोवती शरीर एक मऊ, रक्ताने भरलेली पिशवी विणते, आणि सिमेंट काढून त्या पिशवीत स्वतःच्या हाडाचा भुगा भरला तर तो विरघळून न जाता हाड होतो. हा मार्ग मला आवडतो, पण ७ सेंटीमीटर मांडीचे हाड भरायचे तर भुगा पुष्कळ लागतो, आणि याच्या कमरेच्या हाडातून तेवढा मिळेल याची खात्री नव्हती. पाय मांडीतून काढून टाकण्याचा पर्यायही मी त्याच्यापुढे ठेवला होता आणि तो ठेवल्याचा मला पश्चात्ताप नाही. जॉर्ज सिअर्नी आणि जॉन मेडर यांनी १९८५ मध्ये या रोगाचे वर्गीकरण केले, तेव्हा हाडाबरोबर माणसाचीही वर्गवारी केली, आणि तिसऱ्या वर्गात त्या रुग्णांना घातले ज्यांच्यासाठी उपचार हा रोगापेक्षा जड ठरेल. हा त्या वर्गातला नव्हता. मधुमेह नव्हता. तंबाखू सोडायला सांगितली होती आणि ती त्याने सोडली होती. नखांवरून मला ते खरे वाटले.

सहा आठवड्यांनी जंतूंचा मागमूस उरला नाही असे दिसल्यावर सिमेंट काढले आणि हाड चालवायला घेतले. हे शब्द ऐकून रुग्ण दचकतात, पण प्रकार तोच आहे. वरच्या निरोगी भागात हाडाला बारीक छिद्रे पाडून छिन्नीने अलगद तडा द्यायचा, आतली मज्जा शक्यतो दुखवायची नाही, आठवडाभर थांबायचे आणि मग मधला तुकडा रोज १ मिलिमीटर या गतीने पोकळीकडे सरकवत न्यायचा. त्याच्या पाठीमागे जी फट वाढत जाते तिच्यात नवे हाड तयार होते. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून या विद्येवर काम केले. असे सांगतात की एका रुग्णाने हाडे आवळणारा नट चुकून उलटा फिरवला, टोके जवळ येण्याऐवजी लांब गेली आणि मधल्या फटीत हाड धरलेले दिसले. बाहेरच्या जगाला ही विद्या कळायला फार वर्षे लागली. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये आपला वर्षानुवर्षे न जुळलेला पाय घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी कान टवकारले. इलिझारोव्ह यांची तारांची वर्तुळे नडगीला छान बसतात. मांडीच्या जाड स्नायूंतून तारा आरपार नेल्या की प्रत्येक हालचालीला मांस खेचले जाते आणि जांघेशी पूर्ण वर्तुळ बसतच नाही. म्हणून मांडीला एका बाजूने बसणारी रेल मला बरी वाटते. तरीही स्नायू पिनांना अडकतातच आणि गुडघा आखडतो. याविषयी रुग्णाला आधी सांगितले तरी ते त्याच्या कानात शिरत नाही. शिरावे इतक्या स्पष्टपणे मीही अनेकदा सांगत नाही.

घरी सोडताना मी त्याला चावी दिली आणि दाखवले की दर सहा तासांनी पाव फेरा फिरवायचा. त्याने ती बोटांत धरली, स्क्रूकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, "आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर का?" मी हो म्हणालो. "म्हणजे पाव फेऱ्याला पाव," असे तो स्वतःशी पुटपुटला. इतक्या रुग्णांना मी ही चावी दिली आहे, पण तिचा हिशेब मला उलट सांगणारा हाच पहिला. त्याने वहीत रेघा आखल्या आणि प्रत्येक पाव फेऱ्याला एक काडी मारू लागला.

तिसऱ्या आठवड्यानंतरच्या एक्स-रेमध्ये फटीत काही दिसू लागले. नवे हाड आधी हाडासारखे दिसतच नाही. धुक्यात उभ्या रेघा पुसट दिसाव्यात तसे ते ओढीच्या दिशेने तंतू धरते आणि मधोमध एक काळा पट्टा बराच काळ तसाच राहतो. त्याचे धुके पातळ वाटले म्हणून मी काही दिवस चारऐवजी तीनच पाव फेरे सांगितले, तेव्हा त्याने कारण विचारले आणि ते वहीत टिपून ठेवले. पिनांच्या बुडाशी दोनदा लाली आली, ती औषधांनी निवळली. रात्री मांडी खेचल्यासारखी होते, शेवटच्या फेऱ्यानंतर तासभर कोणाशी बोलावेसे वाटत नाही, असे त्याच्या पत्नीने सांगितले. तो स्वतः कुरकुरला नाही. फक्त एकदा म्हणाला की यंत्राला तेल घालता येते.

शहात्तराव्या दिवशी तुकडा पलीकडच्या टोकाला जाऊन भिडला. तो तपासणीच्या टेबलावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या होत्या आणि एक्स-रे दिव्यावर लावलेला होता. मी त्याला पुढचे सांगत होतो की जिथे टोके भिडतात तिथे ती सहसा आपण होऊन जुळत नाहीत, मध्ये मऊ मांस अडकते, म्हणून ती जागा उघडून टोके ताजी करायची आणि कमरेतून थोडे हाड आणून भोवती घालायचे. त्याने वही माझ्यापुढे सरकवली. पाचपाचाच्या गठ्ठ्यांत मारलेल्या काड्या सात पानांवर होत्या आणि शेवटी त्याने आकडा लिहिला होता: २८०.

"भागिले चार," तो म्हणाला. "सत्तर मिलिमीटर." मग त्याने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी वर धरली. "मी गुंगीत होतो, पण बोटं पाहिली होती. तुम्ही एवढं दाखवलं होतं." त्याने बोटे सावकाश आणखी ताणली आणि लेथवर हयात घालवलेल्या माणसाच्या नजरेने त्यांच्यामधले अंतर तपासले. "होतं एवढं."

मी पट्टी आणायला उठलो नाही. ते ७ होते हे मला दिसत होते.

बोटे खाली घेत त्याने विचारले, "आता पिना कधी निघणार?" तीनचार महिने हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी म्हणालो की भिडलेली जागा आणि मागचे नवे हाड, दोन्ही पक्के व्हायला आणखी सहासात महिने लागतील, आणि गुडघा पूर्वीसारखा वाकणार नाही. कदाचित अर्धाच वाकेल, मांडी घालून बसता येणार नाही, आणि इतके करूनही पू परत येण्याची शक्यता मला शून्य म्हणता येत नाही. त्याने पेन मागितले, २८०च्या खाली एक आडवी रेघ ओढली आणि मी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकाखाली एक लिहून घेतल्या.